फांदी छाटण्याआधी

या पुस्तिकेचा विषय एका वाक्यात मावतो. डेस्कटॉपवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये माहिती झाडासारखी मांडलेली असते आणि त्या झाडातल्या एखाद्या नोडखालची मुलं काढून टाकायची वेळ येते, तेव्हा ती कशी काढावीत? मुलं जोडायला सगळेच शिकवतात. कुठल्याही क्लासमध्ये ट्री-व्ह्यूची ओळख झाली की त्याच दिवशी 'अ‍ॅड' येतं, पडद्यावर फांद्या उगवतात आणि विद्यार्थी खूश होतो. काढायचं कसं, हे मात्र त्याच्यावरच सोडलेलं असतं, कारण ते सोपं दिसतं. एक ओळ लिहिली, नोड दिसेनासा झाला, काम झालं असं वाटतं. माझं म्हणणं असं, की झाडात भर घालताना विचार नंतर केला तरी निभावतं. काढताना तो आधीच करावा लागतो, आणि तो विचार एकाच प्रश्नाचा असतो : या नोडखालच्या मुलांचं काय होणार?

उदाहरणं शिरूर आणि दौंड तालुक्यांतली घेतली आहेत. पुस्तिका ज्यांच्या हातात पडेल त्यांतले बरेच जण घोड आणि भीमेच्या या पट्ट्यातले आहेत, हे एक कारण. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. आपला महसुली कारभार हेच मुळात एक मोठं झाड आहे. पुणे जिल्हा, त्याखाली तालुके, तालुक्याखाली मंडळं, मंडळाखाली सजे, सजात गावं, गावात गट, गटाचे पोटहिस्से आणि प्रत्येक हिश्श्यावर खातेदार. या झाडात रोज काही ना काही जोडलं जातं आणि रोज काही ना काही कमीही होतं. पाठ्यपुस्तकांतलं 'फळे, भाज्या, फुले' छापाचं झाड मी मुद्दाम टाळलं. तिथून सफरचंद काढलं तर कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून त्यातून काही शिकायलाही मिळत नाही.

नोंद काढणं म्हणजे काय, हे गावच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खातेदार वारला की सातबाऱ्यावरचं त्याचं नाव कमी होतं आणि वारसांची नावं लागतात. सोसायटीचं कर्ज फिटलं की इतर हक्कातला बोजा कमी होतो. बहिणींनी हक्कसोड पत्र करून दिलं की त्यांची नावं कमी होतात. यातलं एकही काम तलाठी खोडरबर घेऊन करत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. कलम १५० प्रमाणे ती फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये चढते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. तेव्हा कुठे जुनं नाव कंसात जातं. ते कंसात जातं, पुसलं जात नाही. शेजारी फेरफाराचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून नाव का आणि कशाच्या आधारे कमी झालं ते पुढच्या पिढीलाही शोधता येतं. संगणकाचा पत्ता नव्हता तेव्हापासून ही पद्धत रुळलेली आहे. झाडातून काही काढण्याबद्दल मला जे सांगायचं आहे, त्यातलं निम्मं तिच्यात आलेलं आहे.

२०२५ साली राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम राबवली गेली. मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहिलेली होती. ती कमी करून त्या जागी वारसांची नोंद घ्यायची होती. प्रोग्रामरच्या नजरेनं पाहा : पालक नोड काढायचा आहे, पण त्याची मुलं त्याच्याबरोबर जाता कामा नयेत. ती एक पायरी वर येऊन थेट हिश्श्याखाली लागली पाहिजेत. आता हेच काम आपल्या प्रोग्राममध्ये साध्या 'डिलीट'नं करून बघा. विंडोज ९५ बरोबर आलेल्या ट्री-व्ह्यू कंट्रोलला एखादा आयटम काढायला सांगितलं की तो त्या आयटमसह त्याची सगळी मुलं आणि नातवंडं काढतो. कंट्रोलचं यात काही चुकत नाही, त्याचं काम तेच आहे. खातेदाराबरोबर वारसही गेले, ते मुलं आधी हलवण्याचा निर्णय आपण घेतला नाही म्हणून.

तेव्हा 'काढणं' ही एकच क्रिया नाही. फांदी मुळासकट नष्ट करता येते. फांदी झाडापासून सोडवून हातात धरता येते आणि मग दुसरीकडे लावता येते. मधला नोड काढून मुलं वर ओढता येतात. आणि फांदी नुसती मिटूनही ठेवता येते. या शेवटच्या प्रकाराचं उदाहरणही सातबाऱ्यावरच सापडतं : एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकाच भावाचं नाव असतं, बाकीचे भाऊ त्या नावाच्या पोटात असतात. ते दिसत नाहीत, पण त्यांचा हक्क असतो. पडद्यावर मिटलेली फांदी पाहून 'याखाली काही नाही' असं समजणारा प्रोग्राम या भावांवर अन्याय करतो. म्हणून मुलं आहेत की नाहीत हे बघायचं ते माहितीत, बाणाच्या चिन्हात नव्हे.

वेगवेगळ्या लायब्रऱ्यांनी या क्रियांना वेगवेगळी वागणूक दिली आहे आणि नवशिक्याचा गोंधळ बहुतेक इथेच होतो. पायथनच्या टिकिंटरमधला ट्री-व्ह्यू याबाबतीत मला सगळ्यांत स्वच्छ वाटतो. तिथे 'डिलीट' आणि 'डिटॅच' असे दोन सरळ वेगळे आदेश आहेत. डिलीट केलेला आयटम वंशासकट गेला. डिटॅच केलेला आयटम आणि त्याचा वंश दिसत नाही, पण शाबूत असतो आणि 'मूव्ह' करून पुन्हा कुठेही लावता येतो. क्यूटमध्ये गोष्ट नाजूक आहे. तिथे 'रिमूव्ह-चाइल्ड' म्हटलं की मूल पालकाच्या यादीतून निघतं, पण मेमरीतून जात नाही. त्याची जबाबदारी आता तुमच्यावर येते. 'टेक-चाइल्ड' ते मूल तुमच्या हातात देतं. 'टेक-चिल्ड्रन' सगळी मुलं एकदम देतं. सी प्लस प्लसमध्ये थेट आयटमच डिलीट केला, तर तो स्वतःहून झाडातून बाहेर पडतो आणि आपली मुलंही नष्ट करतो. चारही वाटांनी पडद्यावर दिसणारं चित्र एकच : नोड गेला. मेमरीत काय उरलं ते मात्र वाटेनुसार वेगळं. जुन्या विंडोज कंट्रोलमध्ये आयटमला तुम्ही स्वतःची माहिती चिकटवलेली असेल, तर ती मोकळी करण्याचं कामही तुमचंच. काढल्या जाणाऱ्या प्रत्येक आयटमसाठी कंट्रोल एक सूचना पाठवतो, ती ऐकून मेमरी सोडायची असते. दुसऱ्या टोकाला डब्ल्यूएक्स-विजेट्स आहे. तिथे 'डिलीट-चिल्ड्रन' फक्त मुलं काढतं, पालकाला हात लावत नाही, आणि आयटमला जोडलेली माहिती कंट्रोल स्वतः मोकळी करतो. कुठल्या लायब्ररीत मालक कोण, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावं, असा माझा आग्रह आहे. पुढच्या तक्रारींतल्या कितीतरी तिथेच मिटतात.

सोडवून दुसरीकडे लावण्याचं उदाहरण दौंडनंच दिलं आहे. दौंड जंक्शन पुणे जिल्ह्यात असूनही रेल्वेच्या झाडात कित्येक वर्षं सोलापूर विभागाखाली होतं. २०२४ मध्ये ते पुणे विभागाखाली आलं. स्टेशन पाडून नवं बांधलं नाही. फलाट, रूळ, यार्ड, माणसं सगळं जागेवर. बदलला तो पालक. प्रोग्राममध्ये मात्र नोड नष्ट करून तशाच नावाचा नवा नोड तयार करण्याचा मोह होतो, कारण ते लिहायला सोपं जातं. नव्या नोडची ओळख नवी असते. जुन्या ओळखीला बांधलेले सगळे धागे तुटतात : निवड, खुणा, उलगडलेल्या फांद्या, दुसऱ्या खिडकीत उघडलेला तपशील. हलवायचं असेल तर सोडवा आणि लावा. नष्ट करून पुन्हा घडवू नका.

याहून खोल मुद्दा शिरूरच्या मतदारसंघातून कळतो. २००८ च्या पुनर्रचनेपासून शिरूर तालुक्यातला पाबळ आणि टाकळी हाजीकडचा भाग विधानसभेसाठी आंबेगाव मतदारसंघात आहे. म्हणजे पाबळ महसुलाच्या झाडात शिरूरखाली आणि निवडणुकीच्या झाडात आंबेगावखाली. गाव एक, झाडं दोन. आता निवडणुकीचं झाड दाखवणाऱ्या खिडकीतून कुणी आंबेगावची फांदी काढली, तर पाबळ गाव माहितीतून नाहीसं व्हावं का? अर्थात नाही. त्या खिडकीत दिसणारा नोड म्हणजे गाव नव्हे. तो गावाकडे बोट दाखवणारी एक नोंद आहे. पडद्यावरचं झाड आणि खरी माहिती वेगळी ठेवण्याची जी शिस्त मॉडेल आणि व्ह्यू या जोडीनं शिकवली जाते, तिची गरज इतक्या स्वच्छपणे पटवणारं दुसरं उदाहरण मला मिळालं नाही.

आता खऱ्या खड्ड्याकडे येतो. या विषयात सर्वाधिक माणसं जिथे पडतात तो एक साधा लूप आहे. समजा शिरूर नोडखाली चार गावं आहेत : शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा आणि वढू बुद्रुक. सगळी काढायची म्हणून आपण शून्यापासून मोजत निघतो आणि प्रत्येक फेरीत त्या क्रमांकाचं मूल काढतो. शून्य क्रमांकाचं शिक्रापूर गेलं. त्याच क्षणी सणसवाडी शून्यावर आलं, कोरेगाव भीमा एकवर. लूप मात्र पुढे सरकून एकवर पोचला आहे, म्हणून कोरेगाव भीमा गेलं. वढू बुद्रुक आता एकवर, लूप दोनवर. दोन क्रमांकाला कुणीच नाही, लूप संपला. झाडात सणसवाडी आणि वढू बुद्रुक तसेच उभे. रेशनच्या रांगेतला पहिला माणूस गेला की मागचे सगळे एक पाऊल पुढे येतात, तसंच हे. जागा मोजून माणसं बोलावली, तर एकाआड एक सुटणारच.

ही चूक वाईट आहे ती शांत आहे म्हणून. पायथनमध्ये एखाद्या यादीवर फिरत असताना तिच्यातलेच घटक काढले, तर कुठलाही एरर येत नाही, एकाआड एक घटक मुकाट मागे राहतात. जावाची अ‍ॅरे-लिस्ट किंवा डॉट-नेटची लिस्ट अशा वेळी बहुधा एक्सेप्शन फेकून थांबते. विद्यार्थी त्या एक्सेप्शनवर चिडतात. मला ते उपकार वाटतात. उपाय तीन आहेत आणि तिन्ही सोपे आहेत. शेवटाकडून सुरुवातीकडे या. मागचा काढला तर पुढच्यांचे क्रमांक बदलत नाहीत. किंवा मुलं असेपर्यंत पहिलंच मूल काढत राहा. किंवा मुलांची यादी आधी वेगळी उतरवून घ्या आणि त्या प्रतीवर चाला. वापरकर्त्यानं निवडलेल्या ओळी काढताना मी नेहमी पहिला उपाय वापरतो : क्रमांक उतरत्या क्रमानं लावून घ्यायचे आणि मोठ्यापासून सुरुवात करायची.

निवडलेल्या ओळींचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सापळा. वापरकर्ता एकाच वेळी तालुका आणि त्यातलंच एक गाव निवडतो आणि डिलीट दाबतो. तालुका गेला, त्याच्याबरोबर गावही गेलं. मग प्रोग्राम यादीतल्या पुढच्या नावाकडे, म्हणजे त्याच गावाकडे वळतो, आणि ते आता अस्तित्वातच नसतं. सी प्लस प्लसमध्ये ही मोकळ्या झालेल्या मेमरीला हात लावण्याची चूक ठरते. कधी प्रोग्राम लगेच कोसळतो, कधी अर्ध्या तासानं भलत्याच जागी. काढण्यापूर्वी यादी गाळून घ्यावी : ज्याचा कुठलाही पूर्वज यादीत आहे, त्याला यादीतून वगळावं. हाच विचार पुढे नेला की झाड मोडण्याचा योग्य क्रमही सापडतो : आधी पानं, मग फांदी, शेवटी बुंधा. पोस्ट-ऑर्डर म्हणतात तो हाच.

मॉडेल आणि व्ह्यू वेगळे असले की बातमी वेळेवर पोचवण्याचीही जबाबदारी येते. क्यूटमध्ये माहितीला हात लावण्याच्या आधी 'बिगिन-रिमूव्ह-रोज' म्हणायचं, कुठल्या पालकाखालच्या कुठपासून कुठपर्यंतच्या ओळी जाणार ते सांगायचं, मग ओळी काढायच्या आणि 'एंड-रिमूव्ह-रोज' म्हणून पूर्ण झाल्याचं कळवायचं. शेवटचा क्रमांक काढायच्या ओळींत धरलेला असतो, हे विसरलं की एक ओळ जास्त किंवा कमी सांगितली जाते. आधी नोटीस, मग बदल : फेरफाराची ही शिस्त इथेही दिसते, आणि कारणही तेच आहे. ज्यांचा हक्क किंवा हिशेब बदलणार आहे, त्यांना बदलाआधी कळलं पाहिजे. जावा स्विंगमध्ये 'रिमूव्ह-नोड-फ्रॉम-पेरेंट' मॉडेलमार्फत गेल्यामुळे झाडाला आपोआप कळतं. पण नोडवरच 'रिमूव्ह-ऑल-चिल्ड्रन' चालवलं, तर मुलं जातात आणि पडद्याला पत्ताच नसतो. मग मॉडेलला त्या नोडपासून 'रीलोड' सांगावं लागतं.

पडदा लखलखतो त्याबद्दल थोडक्यात. हजारभर आयटम काढताना प्रत्येक वेळी झाड नव्यानं रंगवलं जातं. विंडोज फॉर्म्समध्ये 'बिगिन-अपडेट' आणि 'एंड-अपडेट' यांच्यामध्ये काम केलं की ते थांबतं. त्याहून महत्त्वाचं, निवडलेला आयटम गेला की निवड शेजाऱ्यावर सरकते आणि 'निवड बदलली' अशी सूचना सुटते. ती ऐकणारा तुमचा कोड अर्धवट मोडलेल्या झाडाकडे बघत असतो. काढणं पुरं होईपर्यंत त्या सूचना रोखून धराव्यात.

ताजं करण्याच्या नावाखाली सगळं झाड पुसून पुन्हा भरणं, हा या विषयातला सर्वांत रूढ प्रकार असावा. मला तो आवडत नाही. तलाठी कार्यालयातला कारकून पाच पायऱ्या उलगडून एका गटापर्यंत पोचलेला असतो. आपण 'रीफ्रेश' करतो आणि झाड मिटून पुन्हा जिल्ह्यावर जातं. त्याचा वेळ आपल्या आळसापेक्षा मोलाचा आहे. पुसायचंच असेल तर उलगडलेल्या नोडच्या ओळखी आधी टिपून घ्याव्यात आणि नंतर त्या फांद्या पुन्हा उघडून द्याव्यात. त्याहून बरं म्हणजे जे बदललं तेवढंच काढावं.

शेवटची मजल डेटाबेसची. तिथे प्रत्येक ओळीत पालकाचा क्रमांक असतो आणि पालक काढताना मुलांचं काय करायचं, ते एसक्यूएलमध्ये शब्दांत सांगता येतं. 'कॅस्केड' म्हटलं तर मुलंही जातात. 'सेट नल' म्हटलं तर मुलं राहतात, पालकाचा रकाना रिकामा होतो. 'रिस्ट्रिक्ट' म्हटलं तर मुलं असेपर्यंत पालक काढताच येत नाही. मी सुरुवातीला विचारलेला प्रश्न इथे भाषेच्या व्याकरणातच आहे, आणि म्हणून डेटाबेसचं हे प्रकरण पुस्तिकेत कोडच्या आधी यावं असा हट्ट मी धरला. एक सावधगिरी मात्र हवी. डेस्कटॉप प्रोग्राममध्ये सर्रास वापरलं जाणारं एसक्यूलाइट हे बंधन मुळात पाळत नाही. प्रत्येक नव्या जोडणीला 'फॉरिन कीज' चालू करावं लागतं. ते राहिलं, तर गाव काढल्यावर त्याचे गट पोरके होऊन तक्त्यात पडून राहतात. झाडात ते दिसत नाहीत, कारण त्यांना लावायला फांदी नाही. क्षेत्राच्या बेरजेत मात्र येतात, आणि पडद्यावरची बेरीज अहवालाशी जुळत नाही.

जमिनीसारखी माहिती असेल तिथे ओळ खरोखर पुसूच नये, असं माझं ठाम मत आहे. 'कमी केल्याची तारीख' आणि 'कोणत्या नोंदीनं' असे दोन रकाने ठेवावेत आणि झाड भरताना ज्यांची तारीख रिकामी आहे तेवढेच नोड दाखवावेत. सातबाऱ्यावरचा कंस तो हाच. 'अनडू' द्यायचं असेल, तर काढताना पालक कोण होता, मूल कितव्या क्रमांकावर होतं आणि त्याचा सगळा वंश, या तिन्ही गोष्टी जपून ठेवाव्या लागतात. क्रमांक विसरलात तर परत आणलेलं गाव यादीच्या तळाशी जाऊन बसतं.

याच शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता शिकायचं, आणि काम असं की ज्याची गावाला खरोखर गरज आहे, ही तिथली धारणा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर ज्या पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांत पाबळची होती. त्या धारणेचा या पुस्तिकेवर परिणाम आहे. इथलं प्रत्येक प्रकरण चालणाऱ्या प्रोग्रामपासून सुरू होतं, आणि तो प्रोग्राम मोडून दाखवल्याशिवाय दुरुस्ती सांगितलेली नाही.

वाचकाला एकच विनंती आहे : पहिला अभ्यास टाळू नका. रिकाम्या खिडकीत पुणे जिल्ह्याचं झाड उभं करा. शिरूरखाली वर सांगितलेली चार गावं आणि दौंडखाली पाटस, यवत, केडगाव, वरवंड घाला. प्रत्येक गावाखाली दोन-दोन गट द्या. मग क्रमानं ही कामं करा : केडगाव सोडवून शिरूरखाली लावा आणि पुन्हा मूळ जागी, मूळ क्रमांकावर आणा. केडगाव सोडवून शिरूरखाली लावा आणि पुन्हा मूळ जागी, मूळ क्रमांकावर आणा. शिरूर नोड काढा, पण त्याची गावं थेट जिल्ह्याखाली येऊ द्या. दर पायरीनंतर पडद्यावरचे नोड मोजा, डेटाबेसमधल्या ओळी मोजा आणि दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. आकडे जुळले नाहीत तर पुढच्या पानावर जाऊ नका. तिसऱ्या प्रकरणात नेमक्या त्याच ठिकाणचा कोड ओळीनं सोडवून दाखवला आहे.